गेटच्या बाहेरचा रस्ता

(मोशी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितले, 'नव्या चालकाचे शिक्षण'. व्याख्यानमालांमधून संतसाहित्यावर बोलले जाते, शिवकालावर बोलले जाते, शेतीपाण्यावर बोलले जाते. गाडी शिकण्यावर व्याख्यान कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. त्यांना मी एवढेच विचारतो: ज्याच्या घरातला, भावकीतला, आळीतला किंवा कंपनीतला एकही माणूस रस्त्यावरच्या अपघातात गेलेला नाही, असा या सभागृहात कोण आहे? मी कुणालाही हात वर करायला सांगत नाही. पुढच्या चार-पाच रांगांकडे पाहूनच उत्तर कळते आहे.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. आपल्या महाराष्ट्रातली त्यांत 15,224. म्हणजे आपल्या राज्यात रोज चाळीसहून अधिक घरांत रडारड. देशभरातल्या मृतांपैकी 50,029 जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. साथीच्या रोगाने एवढी माणसे गेली असती तर आपण गावोगाव दवंडी पिटली असती. रस्त्यावर गेली, म्हणून आपण 'त्याची वेळ भरली होती' म्हणतो आणि दहाव्याला जाऊन येतो.

आणि हे आपण कुठे बसून बोलतो आहोत? मोशीत! जरा आपल्या भोवती नजर टाका. पिंपरीला टाटांचा कारखाना. आकुर्डीला बजाज, फोर्स. इंद्रायणीचा पूल ओलांडून नाशिकच्या दिशेने निघालो की चाकण. तिथे बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे लहानमोठे शेकडो कारखाने. देशातल्या कुठल्याही शहराच्या चौकात उभे राहा, आपल्या पट्ट्यात तयार झालेली गाडी समोरून गेल्याशिवाय राहणार नाही. इथल्या माणसाला इंजिन कळते, गिअर कळतो, ब्रेकची डिस्क किती मायक्रॉनमध्ये घासायची ते कळते. गाडी घडवण्यात आपण कसूर ठेवली नाही. गाडी चालवणारा माणूस घडवण्यात ठेवली. आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच, आणि त्याचा उपायही आपल्याच पट्ट्यात, आपल्याच कारखान्यांच्या गेटच्या आत आहे, हे मला तुमच्यापुढे मांडायचे आहे.

नोकरीची बहुतेक वर्षे मी चाकण परिसरात सुरक्षा विभागात काढली. त्यामुळे गेटच्या आतला माणूस मला जवळून माहीत आहे. बीडहून, जालन्याहून, नांदेडहून आलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा ट्रेनी म्हणून लागतो. पहिल्या दिवशी त्याला मशीनजवळ जाऊ देत नाहीत. आधी इंडक्शन. सेफ्टी शूज, गॉगल, कानात इअरप्लग. चालायचे ते पिवळ्या पट्ट्यांच्या आतून. फोर्कलिफ्ट वळणावर हॉर्न देणार, तू थांबणार. प्रेसवर एकट्याने हात घालायचा नाही. मशीन दुरुस्तीला घेतले की कुलूप लावायचे, टॅग अडकवायचा, आणि ज्याने कुलूप लावले त्यानेच ते काढायचे. काही घडता घडता राहिले, म्हणजे क्रेनचा हुक हलला, तेलावरून पाय घसरला पण पडला नाही, तरी त्याची 'निअर मिस' म्हणून नोंद करायची. महिनाभरात हे सगळे त्याच्या अंगवळणी पडते. गॉगल विसरला तर त्यालाच चुकल्यासारखे वाटते.

आता तोच मुलगा पाळी सुटल्यावर पाहा. पंच केले, गेटबाहेर आला, मोटरसायकलला किक मारली. हेल्मेट आहे, पण आरशाला अडकवलेले. मागे दोन मित्र, ट्रिपल सीट. पुढचा यू-टर्न एक किलोमीटरवर आहे, म्हणून सर्व्हिस रोडने उलट्या दिशेने निघाला. दहा मिनिटांपूर्वी पिवळ्या रेषेबाहेर पाऊल न टाकणारा हा मुलगा! मी कितीदा गेटवर उभा राहून या पोरांना विचारले आहे, "बाळा, आत घालतोस, बाहेर का नाही?" उत्तर ठरलेले: "सर, आत सवय आहे."

या उत्तराचा मी फार विचार केला. आत सवय का लागली? दंडाच्या धाकाने? धाक थोडा असतो, पण तेवढ्याने कुणी वर्षानुवर्षे नियम पाळत नाही. सवय लागली, कारण आत पहिला दिवस कडक होता. शेजारचा जुना कामगारही तेच करत होता. कुणीतरी रोज पाहत होते, चुकले की तिथल्या तिथे सांगत होते. आणि अपघात होण्याची वाट न पाहता चुकीची नोंद होत होती. बाहेरच्या रस्त्यावर यातले काय आहे? पहिला दिवस कडक नाही. जुने चालक आदर्श नाहीत. सांगणारे कुणी नाही. आणि थोडक्यात वाचलो की आपण देवाचे आभार मानतो आणि विसरून जातो.

मग रस्त्यावरचा पहिला दिवस कसा असतो ते पाहू. आपले आरटीओ कार्यालय मोशीतच आहे, त्यामुळे एमएच 14 चा हा सोहळा आपल्या डोळ्यांसमोर रोज चालतो. अठरा वर्षे पूर्ण झाली की शिकाऊ लायसन. 2021 च्या जूनपासून महाराष्ट्रात ते आधारच्या मदतीने घरबसल्या मिळते. परीक्षेत 15 प्रश्न. 9 बरोबर आले की पास. सोय उत्तम आहे, एजंटाकडे खेटे घालणे कमी झाले. पण घरबसल्या परीक्षा म्हटल्यावर किती घरांत उत्तरे मुलाने दिली आणि किती घरांत मोठ्या भावाने शेजारी बसून सांगितली? ज्या चिन्हांचा अर्थ स्वतः शोधला नाही, ती चिन्हे रस्त्यावर दिसतील कशी?

शिकाऊ लायसन सहा महिने चालते. निदान तीस दिवस झाल्यावर पक्क्याची परीक्षा देता येते. हे तीस दिवस कायद्याने कशासाठी ठेवले? शिकण्यासाठी. या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' पाहिजे, शेजारी लायसनधारक पाहिजे, आणि दुचाकीवर मागे शिकवणाऱ्याखेरीज कुणी बसता कामा नये. आपल्याकडे हे तीस दिवस तारखेची वाट पाहण्यात जातात. मोटर ड्रायव्हिंग स्कूलसाठीही नियम आहे: हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम एकवीस दिवसांचा आणि त्यात प्रत्यक्ष चालवणे दहा तासांपेक्षा कमी नको. हे दहा तास पूर्ण भरून घेणारी मंडळी किती? एका गाडीत चार शिकाऊ, प्रत्येकाच्या वाट्याला स्टिअरिंग दहा-पंधरा मिनिटे, आणि शेजारी बसलेल्या सरांचा पाय सदैव ब्रेकवर. पैसे पूर्ण घेतले असतील तर तास पूर्ण मागा. तो तुमचा हक्क आहे. केंद्राने 2021 साली मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी याच हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम 29 तासांचा ठरवला, त्यातले 8 तास वर्गातले. म्हणजे दहा तास अपुरे आहेत हे सरकारलाही मान्य आहे.

आणि शेवटची चाचणी. नाशिक फाट्याजवळ सीआयआरटी या रस्ते-वाहतूक संस्थेच्या आवारात चारचाकीसाठी स्वयंचलित ट्रॅक आहे. आठ काढा, एच काढा, चढावर गाडी मागे न जाऊ देता उचला, रिव्हर्समध्ये पार्क करा. सेन्सर चूक पकडतो, वशिला चालत नाही. ही फार चांगली गोष्ट झाली. पण एक लक्षात घ्या. त्या ट्रॅकवर दुसरी गाडी नाही. आडवा येणारा पादचारी नाही, डावीकडून घुसणारी मोटरसायकल नाही, पाऊस नाही, समोरून डोळ्यांवर येणारा अप्पर लाइट नाही. तिथे एकच सिद्ध होते, तुमची गाडी तुमचे ऐकते. रस्त्यावर बाकीच्या गाड्या तुमचे ऐकत नाहीत, आणि खरे शिकणे तिथून सुरू होते. लायसन हातात पडते तो दिवस शिक्षणाचा शेवट मानण्याची आपली पद्धत आहे. कारखान्यात ट्रेनीला पहिल्या परीक्षेनंतर लगेच रात्रपाळीची मोठी लाइन एकट्याकडे देतात का?

आता मी जरा एका गोष्टीवर थांबणार आहे, कारण आपल्या पट्ट्यातल्या नव्या दुचाकीस्वाराला तिचे शिक्षण कुठेच मिळत नाही. ती गोष्ट म्हणजे ट्रेलर. पुणे-नाशिक रस्त्यावर, चाकणच्या तळेगाव चौकात, स्पाइन रोडवर, कंटेनर आणि मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर रात्रंदिवस चालतात. असा ट्रेलर डावीकडे वळतो तेव्हा काय होते? त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती आतल्या बाजूने, कोपरा कापत जातात. हे चालकाला माहीत असते, म्हणून तो वळण्यापूर्वी आपले तोंड आधी उजवीकडे घेतो. मागून येणाऱ्या नव्या पोराला काय दिसते? ट्रेलर उजवीकडे सरकला, डावीकडे जागा झाली! तो त्या जागेत गाडी घालतो. पुढच्या क्षणी तोंड डावीकडे वळते, मधले धूड त्याच्याकडे सरकू लागते, एका बाजूला दुभाजक किंवा फुटपाथची कड, दुसऱ्या बाजूला मागची चाके. बाहेर पडायला वाट राहत नाही. ही 'गॅप' म्हणजे त्या ट्रेलरला वळायला लागणारी जागा होती. ती कधीच तुमची नव्हती.

एकदा आम्ही एका कारखान्याच्या आवारात उभा ट्रेलर घेतला. नव्या मुलांना एकेक करून चालकाच्या सीटवर चढवले. डाव्या दाराच्या खाली, अगदी लगत एक मोटरसायकल उभी केली होती, आणि तिच्यावर त्यांचाच एक मित्र हेल्मेट घालून बसला होता. वरच्या मुलाला विचारायचे, "खाली कोण आहे?" तो आरशात पाही, मान उंच करी, पुढे वाके. त्याला दिसे काचेखालचा डॅशबोर्ड, लांबचा रस्ता, आरशात कंटेनरची बाजू. मित्र दिसत नसे. मग तो खाली उतरून, पुढून फेरी मारून येई, आणि दाराला टेकून बसलेल्या मित्राकडे पाहत गप्प उभा राही. त्या मुलांना मी वेगळे भाषण दिले नाही. चालकाचा चेहरा तुम्हाला त्याच्या आरशात दिसत नसेल, तर तुम्ही त्याला दिसत नाही. एवढे एकच वाक्य सांगितले. ट्रेलरच्या चालकाला शिव्या घालणे सोपे आहे. तो अनेकदा परप्रांतातून दोन-तीन दिवस गाडी हाकत आलेला असतो, गेटबाहेर रांगेत झोपलेला असतो. त्याच्याही चुका होतात, आणि त्याच्या चुकीची किंमत मोठी असते. पण त्याला न दिसणाऱ्या जागेत जायचे की नाही, हे तुमच्या हातात आहे.

आता वेगाचे गणित. कारखान्यातल्या माणसाला आकड्यांत सांगितले की पटते. ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. 60 ला जवळजवळ 17 मीटर, 80 ला 22 मीटर. समोर काहीतरी आले हे डोळ्याने पाहणे, मेंदूला कळणे, पाय ब्रेकवर पडणे, याला सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. त्यानंतर ब्रेक कामाला लागतात. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर 40 च्या वेगाने गाडी एकूण सुमारे 20 मीटरमध्ये थांबते. 60 ने सुमारे 37. 80 ने सुमारे 57. वेग दुप्पट झाला आणि थांबायला लागणारे अंतर जवळजवळ तिप्पट झाले! पहिल्या पावसात, रस्त्यावर तेलमाती मिसळलेली असताना, हे अंतर आणखी वाढते. आणि मोबाइल? 50 च्या वेगाने जाताना तीन सेकंद खाली स्क्रीनकडे पाहिले, तर तेवढ्यात गाडी 40 मीटर पुढे गेलेली असते, कुणीही न चालवता. म्हणून पुढच्या गाडीच्या मागे अंतर ठेवा. ती एखाद्या खांबाजवळून गेली की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा. त्याआधी तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात हे चारपर्यंत मोजा. अंतर ठेवले की मधे दुसरा घुसतो, ही तक्रार मला माहीत आहे. घुसू द्या. पुन्हा अंतर ठेवा. घरी पोचायला त्याने फार तर दोन मिनिटे उशीर होईल.

याच ओघात दोन सवयी सांगतो, ज्या आपल्याकडे सर्रास उलट्या शिकवल्या जातात. पहिली, डिपर मारणे. आपल्या रस्त्यावर समोरच्याने दिवा उघडझाप केला की त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'मी येतोय, तू थांब' असा असतो. नवा चालक समजतो, 'तो मला वाट देतोय', आणि वळतो. तेव्हा दिव्यावर विसंबू नका, समोरची गाडी खरोखर थांबली का ते पाहा. दुसरी, चौकातून सरळ जायचे म्हणून चारही इंडिकेटर लावणे. हे कुणी सुरू केले माहीत नाही, पण यात तुमच्या उजवीकडच्याला एकच बाजू दिसते आणि तो समजतो तुम्ही त्याच्याकडे वळताय. चारही दिवे बंद पडलेल्या, उभ्या गाडीसाठी आहेत. सरळ जायला इंडिकेटर लागत नाही.

रात्रपाळीबद्दल थोडक्यात. रात्रभर उभे राहून सकाळी घरी निघालेल्या माणसाला दारू प्यायची गरज नसते, झोपच त्याला झिंग आणते. मान एकदा जरी लवली तरी गाडी बाजूला घ्या, तोंडावर पाणी मारण्याच्या भरवशावर राहू नका, पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटा. शक्य असेल त्यांनी कंपनीची बस सोडू नये. स्वतःच्या गाडीचा तोरा त्या अर्ध्या तासापुरता बाजूला ठेवा.

आता जे बोलणार आहे ते इथे बसलेल्या आई-वडिलांना. इथल्या जमिनींना भाव आला, घरात पैसा आला, आणि दहावीच्या निकालाला बुलेट, बारावीला मोटार अशी प्रथा पडत चालली. मुलगा सोळाचा, वडील कौतुकाने सांगतात, "आमचा पोरगा आत्तापासून फॉर्च्युनर चालवतो." 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला काय झाले ते सगळ्यांना आठवत असेल. सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती पोर्शे, आणि रस्त्यावर मेलेले दोन तरुण अभियंते. सुरुवातीला त्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला म्हणून सारा देश संतापला, आणि तो संताप रास्तच होता. पण मला त्या वेळी वाटले, चावी देणाऱ्या हाताबद्दल आपण आपापल्या घरात बोललो का? 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 199 अ हे कलम आले. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. कलम सांगून मी तुम्हाला घाबरवत नाही. ज्याला तुम्ही जन्म दिला त्याला दोन वर्षे 'थांब' म्हणणे एवढे अवघड आहे का?

आणि आयांनो, भगिनींनो, तुम्ही स्वतः गाडी शिकता तेव्हा घरातल्या पुरुषाने शेजारी बसून ओरडत शिकवणे सहन करू नका. घाबरलेला माणूस शिकत नाही. रविवारी सकाळी लवकर, रहदारी नसताना, मोकळ्या रस्त्यावर सुरुवात करा. मग दिवसाची रहदारी, मग पाऊस, मग रात्र आणि सगळ्यात शेवटी हायवे. एकेक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नको. हा क्रम मुलग्यांनाही तितकाच लागू आहे. पोरांना पायऱ्या गाळण्याची घाई फार, म्हणून त्यांना तो जास्तच लागू आहे.

अपघात पाहिलात तर थांबा. पोलीस विचारपूस करतील, कोर्टात खेटे पडतील, ही भीती आता सोडा. कायद्याच्या 134 अ कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याचीही सक्ती तुमच्यावर नाही. 108 ला फोन करा, 112 ला फोन करा, जखमीचे हेल्मेट ओढून काढू नका, गर्दी मागे हटवा. पहिला तास मोलाचा असतो.

आता पुन्हा गेटकडे येतो. 4 मार्च 1966 रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तो दिवस आपल्या प्रत्येक कारखान्यात सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. बॅज लावतात, शपथ होते, पोस्टरस्पर्धा होते. माझे सर्व सुरक्षा अधिकाऱ्यांना कळकळीचे सांगणे आहे: तुमचा कामगार आठ तास तुमच्या आत असतो, आणि त्याआधी-नंतर तास-दीड तास त्याच रस्त्यावर असतो जो तुमच्या गेटला येऊन भिडतो. तो तिथे मेला तरी सकाळी लाइनवर जागा रिकामीच राहते. इंडक्शनमध्ये एक तास या रस्त्यासाठी द्या. नव्या मुलाला ट्रेलरच्या केबिनमध्ये एकदा बसवा. तुमच्याच आवारात रोज ट्रेलर उभे असतात. निअर मिसच्या वहीत एक पान येण्याजाण्याच्या रस्त्याचे ठेवा, म्हणजे कुठल्या फाट्यावर, कुठल्या कटवर पोरे थोडक्यात वाचतात ते कळेल आणि पालिकेकडे, पोलिसांकडे नेमकी मागणी करता येईल. पार्किंगमधून हेल्मेटशिवाय गाडी बाहेर पडू देऊ नका. याला सरकारी मंजुरी लागत नाही आणि खर्च जवळजवळ नाहीच.

सभागृहात कंपन्यांत काम करणारे पुष्कळ जण आहेत. त्यांनी येत्या 4 मार्चच्या आत आपापल्या सुरक्षा समितीला ही मागणी लेखी द्यावी, आणि तिच्याखाली आपल्या लाइनवरच्या सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात.